पेवी

हरिपूरच्या वापरात नसलेल्या पेवातून वर काढली
तेव्हा कुत्री आहे की हळकुंड, कळत नव्हतं.
दोरी धरलेलं पोरगं म्हणालं, "जित्तं हाय का बघा आदी."
जित्तं होतं.
पिवळ्या धुळीत दोन डोळे
आणि पोटाशी आवळलेली शेपटी.
नाव वेगळं शोधावं लागलं नाही.

आठ महिन्यांची असेल, डॉक्टर म्हणाले, दात बघून.
खणभागात माझी एक खोली, तिसरी पायरी फुटलेला जिना.
सोळा दिवस ती पलंगाखाली राहिली.
रात्रपाळी संपवून मी यायचे,
फरशीला पोट टेकून तिच्याशी बोलायचे:
कुणाचा खुबा मोडला, कुणाचं मनगट,
एक्सरेत श्रीमंताची हाडं कशी ओळखू येत नाहीत.
ऐकायची असं नाही.
पळायला जागा नव्हती, एवढंच.

घरमालकांनी दिवाळीपर्यंतची मुदत दिली.

जाहिरातीत काय लिहायचं?
'मायाळू' लिहिलं, खोडलं.
'राखणीला चांगली' हे तर हसण्यासारखं.
शेवटी लिहिलं: घर पाहिजे. घाई नसलेलं.

विश्रामबागेतल्या बंगल्यानं फोनवर विचारलं, "भुंकते का?"
म्हटलं, आवाज अजून मीही ऐकलेला नाही.
फोन ठेवला त्यांनी.
धामणी रोडचं जोडपं हौसेनं घेऊन गेलं,
लाल पट्टा, रबरी हाड, फोटो.
पाचव्या दिवशी परत.
वाडगा मात्र लख्ख घासून दिला.
"सॉरी हं ताई, ती प्रेमच करत नाही."

त्या रात्री मी त्यांना मनातल्या मनात पुष्कळ शिव्या दिल्या.
मग आठवलं,
नवव्या दिवशी मीही दार उघडं टाकून
अंघोळीला गेले होते.
मुद्दाम.
बादलीभर पाणी उगाच जास्त घेतलं होतं.
ती गेली नव्हती.
उंबऱ्यापलीकडं तिला पेवच दिसत असावं.

भूपाल मगदूम आले ते कुत्रीसाठी नव्हे,
खालच्या किराणा दुकानातला काटा दुरुस्त करायला.
मार्केट यार्डात जन्म गेला काट्यांत.
बायको नाही, मुलगी इचलकरंजीला.
"वर कुत्रं हाय म्हणं," म्हणाले,
आणि दारात बसले, खोलीकडं पाठ करून.
बघितलंसुद्धा नाही तिच्याकडं.
पिशवीतून पितळी वजन काढलं,
पाऊण तास पुसत राहिले.
चहा निवला.
"काटा थरथरला की गिऱ्हाईक बोट लावतंय.
बोट लावलं की आनी थरथरतोय.
काय करायचं नसतंय ओ.
हात मांडीवर ठिवायचा."

असे सात रविवार.
चौथ्याला तिनं त्यांच्या चपलेचा वास घेतला.
पाचव्याला शेजारचा कुकर शिट्टी देऊन बसला
आणि सगळं पलंगाखाली गेलं, वास, चप्पल, महिना.
मला रडू आलं.
ते म्हणाले, "आज पाचवा न्हाई, पुन्यांदा पयला."
आणि पायात चपला अडकवून गेले,
फुटकी पायरी अंदाजानं टाळत.

कवठेपिरानला त्यांच्या घरी सोडून आले
तेव्हा मागं वळून तिनं पाहिलं नाही.
पाहावं असं वाटत होतं, कबूल करते.

पलंगाखालून केरसुणी फिरवली
की अजून पिवळं निघतं.

परवा त्यांचा फोन आला.
"पुढचे दोन पाय आत हाईत.
मागचे अजून भायेर."
"कधीपासून?"
"कालपासनं."
"मग आता?"
"मग काय. मी जेवून घेतो."
थोडा वेळ कुणीच बोललं नाही. ताटाचा आवाज आला.
"आणि दार?"
"दार व्हय," ते म्हणाले, "उघडंच ठिवलंय की."